‘शॅडोज’मधला जपान कितपत खरा? बांधणाऱ्याच्या नजरेने एक उत्तर

तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. तुम्ही ठाण्यात वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला शिकता, मैत्रिणीकडे ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ हा व्हिडिओ गेम काही काळ खेळून पाहिला आहे आणि त्यातले सोळाव्या शतकातले जपान किती खरे मानावे, असा प्रश्न तुम्हाला पडला आहे. पुढे खेळांसाठी परिसर उभारण्याच्या क्षेत्रात यायचे असेल तर असा खेळ कसा पाहावा, आणि जुने ठाणे याच पद्धतीने उभे करण्याचा वार्षिक प्रकल्प कुठून सुरू करावा, हेही तुम्ही विचारले आहे. शेवटी लॅपटॉपची चौकशी आहे.

मी ऐरोलीतल्या एका स्टुडिओत खेळांसाठी इमारती, रस्ते आणि परिसर तयार करण्याचे काम बरीच वर्षे करते आहे. ‘शॅडोज’वर मी काम केलेले नाही, त्यामुळे त्या चमूच्या बैठकांत काय ठरले हे मी सांगणार नाही. परंतु पडद्यावर जे दिसते त्यामागे कोणत्या प्रकारचे निर्णय असतात, हे रोजच्या कामामुळे ओळखता येते आणि उत्तर त्याच आधारावर देते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सबंध खेळाला एकच गुण देऊन मिळत नाही, ते एकेका वस्तूला विचारावे लागते. कोणत्याही ऐतिहासिक परिसरात तीन प्रकारच्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: ज्यांचा थेट पुरावा आहे अशा, उपलब्ध पुराव्यावरून तर्काने ठरवलेल्या, आणि पुरावाच नसल्यामुळे सरळ कल्पिलेल्या. एकाच इमारतीचे जोते पहिल्या प्रकारचे, भिंत दुसऱ्या प्रकारची आणि छत तिसऱ्या प्रकारचे असू शकते. प्रेक्षकाला या तिघांमधला सांधा दिसू नये, हे आमचे कसब. तुम्हाला मात्र या क्षेत्रात यायचे आहे, तेव्हा तुम्हाला तो सांधा शोधता आला पाहिजे. मी पुढे जे सांगणार आहे ते सगळे या एका मुद्द्याभोवतीच आहे.

आधी खेळाची थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण मालिकेचे वळण माहीत असल्याशिवाय ‘शॅडोज’मधल्या निवडी कळत नाहीत. युबिसॉफ्टची ही मालिका २००७ साली तिसऱ्या धर्मयुद्धाच्या काळातल्या, म्हणजे ११९१ च्या जेरुसलेम, दमास्कस आणि एकर या शहरांपासून सुरू झाली. नंतर तिने इटलीतले पुनरुज्जीवन, अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध, फ्रेंच राज्यक्रांती, इजिप्त, ग्रीस, नवव्या शतकातले इंग्लंड आणि बगदाद असा प्रवास केला. ‘शॅडोज’ क्वेबेकच्या स्टुडिओने केला असून दोनदा पुढे ढकलल्यानंतर तो २० मार्च २०२५ रोजी बाजारात आला. कथा १५७९ च्या आसपास सुरू होते. ओदा नोबुनागा जपानचे विखुरलेले प्रांत एका छत्राखाली आणण्याच्या खटपटीत होता, तो हा काळ. खेळणाऱ्याच्या हाती दोन पात्रे येतात: इगा प्रांतातली निन्जा नाओए आणि नोबुनागाच्या पदरी असलेला आफ्रिकी योद्धा यासुके.

या दोघांनाच आपली तीन प्रकारांची कसोटी लावून पाहू. नाओए कल्पित आहे. ज्या फुजिबायाशी घराण्याची ती मुलगी दाखवली आहे, ते मात्र इगामध्ये होते. नोबुनागाच्या मुलाने १५७९ मध्ये इगावर केलेली स्वारी फसली आणि १५८१ मध्ये नोबुनागाने प्रचंड सैन्य धाडून तो प्रांत उद्ध्वस्त केला, या दोन्ही गोष्टी इतिहासाच्या आहेत. मात्र निन्जांच्या कलेची जी पोथी सर्वाधिक प्रसिद्ध आहे, ती त्याच फुजिबायाशी घराण्यातल्या एका वंशजाने १६७६ साली, म्हणजे इगा पडून जवळजवळ शतक उलटल्यावर संकलित केली. शांततेच्या काळात बसून लिहिलेल्या युद्धाच्या आठवणी म्हणून ती वाचावी लागते, आणि नाओएच्या हातातली साधने पाहताना हे शंभर वर्षांचे अंतर ध्यानात ठेवावे.

यासुके खराच होता. जेसुइट पंथाचा वरिष्ठ अधिकारी आलेस्सांद्रो वालिन्यानो १५७९ मध्ये जपानला पोहोचला, त्याच्या परिवारात तो होता; १५८१ मध्ये नोबुनागाने त्याला पाहिले आणि आपल्याकडे ठेवून घेतले. पाद्र्यांची पत्रे, नोबुनागाचा चरित्रकार ओता ग्युइची याचा ‘शिन्चो कोकी’ हा ग्रंथ आणि मात्सुदाइरा इएतादा या सरदाराची दैनंदिनी अशा परस्परांपासून स्वतंत्र साधनांत त्याचा उल्लेख येतो. दैनंदिनीत त्याची उंची सहा शाकु दोन सुन, म्हणजे सुमारे १८८ सेंटिमीटर दिली आहे. ‘शिन्चो कोकी’च्या एका हस्तलिखितात त्याला तनखा, घर आणि आखूड तलवार दिल्याची नोंद आहे. जून १५८२ मध्ये नोबुनागाचाच सरदार आकेची मित्सुहिदे याने क्योतोतल्या होन्नो-जी या देवळात त्याला घेरले, तेव्हा यासुके नोबुनागाच्या मुलाच्या बाजूने लढला आणि शरण आल्यावर त्याला पाद्र्यांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यानंतर साधने मूक होतात. म्हणजे नोबुनागाच्या दरबारातला यासुके पहिल्या प्रकारात बसतो, ‘सामुराई’ हे बिरुद तनखा, घर आणि तलवार यांवरून काढलेला तर्क म्हणून दुसऱ्या प्रकारात बसते, आणि १५८२ नंतरचा त्याचा सारा प्रवास कल्पित आहे. त्याला सामुराई दाखवण्यावरून जगभर जो गदारोळ झाला त्यात हे तीन भाग फारच थोड्यांनी वेगळे केले.

मराठी माणसाला सोळाव्या शतकातल्या दरबारात आफ्रिकी योद्धा दिसल्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. मलिक अंबर हा यासुकेचा समकालीन, आणि जंजिऱ्याचे सिद्दी आपल्या इतिहासाच्या पानोपानी भेटतात. वालिन्यानो जपानला गेला तो गोव्यात काही काळ काढून, आणि त्या वेळी वसई आणि ठाणे त्याच पोर्तुगीज सत्तेखाली होते. ठाण्याच्या प्रकल्पाकडे वळू तेव्हा हा दुवा उपयोगी पडेल.

आता इमारतींकडे येऊ, कारण तुमचा खरा विषय तो आहे. ज्याला त्या काळातला ओमी प्रांत उभा करायचा आहे त्याला तिथल्या अझुचीच्या किल्ल्याचा प्रश्न सोडवावाच लागतो, आणि माझ्या मते पुराव्याच्या मर्यादा शिकण्यासाठी त्याच्याइतके चांगले उदाहरण नाही. नोबुनागाने १५७६ मध्ये त्याचे काम सुरू केले, १५७९ मध्ये त्याचा मुख्य बुरूज, म्हणजे तेन्शु, पूर्ण झाला आणि १५८२ मध्ये नोबुनागाच्या मृत्यूनंतर लगेचच तो जळाला. जेमतेम तीन वर्षे उभी राहिलेली ही इमारत आज टेकडीवरच्या दगडी जोत्यांच्या आणि पायऱ्यांच्या रूपातच उरली आहे. तिचे वर्णन मात्र विलक्षण तपशीलवार आहे: ओता ग्युइचीने मजल्यागणिक दालने, त्यांतली चित्रे, अष्टकोनी मजला आणि सोन्याने मढवलेला सर्वांत वरचा मजला यांची यादी दिली आहे, आणि पाद्र्यांनीही आपल्या पत्रांत तिचे कौतुक केले आहे. खुद्द नोबुनागाने अझुचीचे चित्र असलेले घडीचे पडदे वालिन्यानोला भेट दिले होते. चार जपानी तरुणांच्या शिष्टमंडळाबरोबर ते गोव्यावरून युरोपला गेले, १५८५ मध्ये रोममध्ये पोपला अर्पण झाले आणि पुढे हरवले. ते पडदे आज सापडले तर या इमारतीबद्दल अभ्यासकांत असलेल्या वादावर मोठा प्रकाश पडेल.

तो वाद काय आहे हे वास्तुकलेच्या विद्यार्थिनीने अवश्य पाहावे. नाइतो आकिरा या अभ्यासकाने एका जुन्या आराखड्याच्या आधारे असे मांडले की आत कित्येक मजले उंचीची मोकळी पोकळी होती. इतर अभ्यासकांना ते मान्य नाही, कारण तो आराखडा अझुचीचाच आहे हे त्यांना पटत नाही. १९९२ च्या सेव्हिल येथील जागतिक प्रदर्शनासाठी वरचे दोन मजले पूर्ण आकारात बांधले गेले आणि ते आता अझुचीजवळच्या संग्रहालयात आहेत. म्हणजे वरचे दोन मजले कसे असतील यावर बांधकाम करण्याइतका विश्वास आहे, पण मधल्या मजल्यांच्या पोटात काय होते यावर एकमत नाही. खेळ बांधणाऱ्याला ‘एकमत नाही’ असे लिहिण्याची सोय नसते. खेळणारा दार ढकलून आत जातो आणि त्याच्या पायाखाली जमीन असावी लागते, त्यामुळे एक पक्ष निवडावाच लागतो. ही निवड कुणी, कशाच्या आधारावर केली, हे पाहण्याची सवय लावून घ्या.

हारिमा प्रांतातल्या हिमेजीच्या किल्ल्याच्या बाबतीत उलटा प्रश्न आहे. तिथे इमारत उभी आहे, जगप्रसिद्ध आहे, पण आज दिसणारा पांढराशुभ्र मुख्य बुरूज इकेदा तेरुमासाने १६०९ मध्ये पूर्ण केला. नोबुनागाचा सरदार हिदेयोशी याच्या ताब्यात असताना, १५८० च्या सुमारास, तिथे बराच लहान बुरूज होता. खेळात हारिमा प्रांतात पोहोचाल तेव्हा ही तारीख मनात धरून वर पाहा आणि बांधणाऱ्यांनी इतिहासाची बाजू घेतली की आजच्या पर्यटकाच्या ओळखीची, हे स्वतः ठरवा. या मालिकेने दुसरी बाजू पूर्वी उघडपणे घेतलेली आहे. २०१४ च्या ‘युनिटी’मधल्या पॅरिसात नोत्र दाम चर्चच्या माथ्यावर मनोरा दाखवला आहे, प्रत्यक्षात मध्ययुगीन मनोरा राज्यक्रांतीच्या काळातच उतरवला गेला होता आणि आपल्या परिचयाचा मनोरा वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूकने १८५९ मध्ये उभा केला. त्याच्याशिवाय नोत्र दाम ओळखू येणार नाही, हे त्यामागचे कारण उघड आहे. हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही, मात्र तो निर्णय आहे हे माहीत असले पाहिजे.

याच चर्चबाबत एक गैरसमज इथेच दूर करते, कारण विद्यार्थी मुलाखतीत तो हमखास सांगतात. १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर ‘युनिटी’चे प्रारूप वापरून चर्चची पुनर्बांधणी झाली, अशी बातमी पसरली होती. तसे झालेले नाही. पुनर्बांधणीला खरा आधार झाला तो कलेतिहासाचे प्राध्यापक अँड्र्यू टॅलन यांनी काही वर्षे आधी केलेल्या लेझर मोजणीचा आणि आगीनंतरच्या मोजण्यांचा. ‘युनिटी’ची प्रतिकृती एका कलाकाराने दीर्घकाळ खपून घडवली आणि ती अप्रतिम आहे, पण ती मोजणीचा दस्तऐवज नाही. खेळाचे प्रारूप डोळ्याला पटले की पुरते, आणि गवंड्याला मात्र सेंटिमीटर लागतो.

जपानी घर खेळासाठी बांधणे एका दृष्टीने सोपे असते. आम्ही कोणतीही वस्ती सुट्या भागांच्या संचातून उभी करतो, ज्याला मॉड्युलर किट म्हणतात: ठरावीक मापाची भिंत, ठरावीक मापाचा खांब, छपराचा तुकडा, कोपरा. जपानी सुतारकामात ‘केन’ हे दोन खांबांमधले अंतर हेच मूळ माप होते, प्रदेशानुसार सुमारे १.८ ते २ मीटर, आणि खोलीचा आकार तिच्यात मावणाऱ्या तातामी चटयांवरून सांगत. म्हणजे मूळ वास्तूच सुट्या भागांच्या हिशेबाने विचार करणारी होती. आपल्याकडे वाडा खणांत मोजतात, तसेच हे आहे, आणि म्हणून कोकणातले किंवा देशावरचे लाकडी घर या पद्धतीने बांधायला जपानी घराइतकेच अनुकूल आहे. याउलट अंबरनाथच्या शिवमंदिरासारखी वास्तू, जिचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे, संचातून बांधता येत नाही. तिची भिंत इतक्या कोनांत मोडत जाते आणि मूर्तींनी इतकी भरलेली आहे की तिथे छायाचित्रांवरून त्रिमिती प्रतिमा तयार करणारी फोटोग्रामेट्रीच हवी. कोणत्या वास्तूला कोणती पद्धत लावायची, हे पहिल्या दिवशी ठरवले नाही तर वर्ष वाया जाते.

छपराची बाजू मात्र अवघड आहे. ही मालिका भिंती चढण्यावर उभी आहे. फ्लॉरेन्सच्या दगडी भिंतीला खाचा आणि खिडक्यांच्या चौकटी असतात, त्या धरून वर जाता येते. जपानी वास्तूचे छप्पर भिंतीच्या बरेच बाहेर आलेले असते आणि खालून चढणाऱ्याच्या डोक्यावर ते आडवे येते. नाओएला दोरीचा आकडा दिला आहे तो शोभेसाठी नाही. त्या आकड्याने हा प्रश्न सोडवला आहे. इमारत खोटी करण्याऐवजी पात्राच्या हाती साधन दिले, हा मला या खेळातला सर्वांत सुज्ञ निर्णय वाटतो. डोंगरउताराच्या बाबतीतही तसेच झाले आहे. झाडी इतकी दाट आहे की सरळ रेषेत डोंगर ओलांडायला गेलात तर घोडा अडखळतो आणि खालचे काही दिसेनासे होते. पुष्कळ खेळणाऱ्यांनी यावर नाराजी व्यक्त केली. मला ते आवडले, कारण त्यामुळे रस्त्याला किंमत येते, घाटातल्या चौकीला अर्थ येतो आणि त्या काळी रस्ते ज्याच्या हाती त्याची सत्ता का असे, हे पायांना कळते.

मापांत मात्र तडजोड असतेच. कॅमेरा पात्राच्या पाठीमागे आणि थोडा वर असल्यामुळे खोल्या आणि दारे प्रत्यक्षापेक्षा मोठी करावी लागतात, नाहीतर कॅमेरा भिंतीत घुसतो. अंतरेही आखडलेली असतात. क्योतोहून ओसाका घोड्यावरून काही मिनिटांत येते. म्हणून या खेळावरून खोलीची उंची किंवा गल्लीची रुंदी कधीही घेऊ नका. दोन इमारतींचे परस्पर नाते, अंगणातून ओसरीत आणि ओसरीतून आत जाण्याचा क्रम, कुंपणाचे प्रकार, अशा गोष्टींचा अभ्यास करा, कारण त्या तडजोडीतूनही बऱ्याच अंशी शाबूत राहतात.

आता एक गोष्ट अगदी जवळून पाहू. रात्रीच्या वेळी एखाद्या वाड्यात नाओएला घेऊन शिरा आणि कागदी सरकत्या दाराच्या बाजूला उभ्या राहा. आत दिवा असेल तर कागदावर पहारेकऱ्याची सावली पडते. दिवा विझवला की सावली जाते आणि आपण दिसेनासे होतो. आता त्या दाराची जाळी बघा. पट्ट्या कागदाच्या कोणत्या बाजूला आहेत, कागद किती प्रकाश आत घेतो आणि किती पसरवतो, दाराच्या खालचा लाकडी पट्टा किती उंच आहे, हे सगळे लपाछपीच्या नियमाशी बांधलेले आहे. खालचा पट्टा उंच असेल तर जमिनीवर सरपटणारी नाओए दिसत नाही, म्हणून पट्ट्याची उंची ही केवळ वास्तुशैलीची बाब राहत नाही. तेलाच्या दिव्याचा खरा प्रकाश याहून पुष्कळ मंद असे, खेळात तो वाढवलेला आहे आणि वाढवणे भाग आहे. परंतु प्रकाश कागदातून गाळून येतो तेव्हा खोलीचे कोपरे काळोखातच राहतात, हा खरा अनुभव त्यांनी सोडलेला नाही. या खेळातले एकच दृश्य थांबून अभ्यासायचे असेल तर हे निवडा.

ऋतूंचे कामही मोठे आहे, पण त्यावर थोडक्यातच लिहिते. खेळात चारही ऋतू फिरतात: हिवाळ्यात तळी गोठतात, छपरावरून बर्फाचे सुळे पडून आवाज होतो, उन्हाळ्यात लपायला झुडपे दाट मिळतात. बांधणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ प्रत्येक झाड, प्रत्येक छप्पर आणि प्रत्येक पाऊलवाट चार वेळा विचारात घ्यावी लागते. ऐतिहासिक खेळात सगळीकडे कायम एकच सोनेरी संध्याकाळ दिसते, या खोडीवर हा चांगला उतारा आहे.

कथेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी एक सांगते. एका गुप्त मंडळातले लोक एकेक करून हुडकून मारायचे, हा साचा उत्तरार्धात पुनरावृत्त होतो आणि तिथे परिसराचे सौंदर्यही थकवा झाकू शकत नाही. तेव्हा सगळे संपवण्याचा हट्ट धरू नका. अभ्यासासाठी खेळत असाल तर संवाद जपानी आणि पोर्तुगीजमध्ये ऐकवणारा पर्याय सुरू करा.

या खेळाभोवती झालेल्या वादांतून व्यवसायात येणाऱ्याने एक धडा नक्की घ्यावा. प्रसिद्धीपूर्व चित्रांत जपानमधल्या एका हौशी ऐतिहासिक पथकाचे निशाण परवानगीशिवाय आले आणि २०२४ मध्ये कंपनीला माफी मागावी लागली. एका प्रतिमाशिल्पात एका पायाचे तोरी, म्हणजे देवळाचे प्रवेशद्वार, दाखवले होते; नागासाकीत अणुबॉम्बने अर्धे उडवलेले तोरी आजही तसेच उभे आहे, त्याची आठवण लोकांना झाली आणि ते शिल्प मागे घेतले गेले. प्रकाशनाच्या तोंडावर देवळातल्या वस्तू फोडता येतात यावरून जपानच्या संसदेतही प्रश्न विचारला गेला, आणि पहिल्याच दिवशीच्या सुधारणेत अशा काही वस्तू न फुटणाऱ्या करण्यात आल्या. संदर्भ म्हणून गोळा केलेले चित्र कुणाचे तरी असते आणि देऊळ हे कुणाचे तरी नांदते देऊळ असते. ठाण्यात कौपिनेश्वराच्या आवारात कॅमेरा लावण्याआधी विश्वस्तांची लेखी परवानगी घ्या आणि गाभाऱ्याची मोजणी करूच नका.

तर आता तुमचा प्रकल्प. तुम्ही काळ ठरवलेला नाही. मी १७३७ सुचवते. त्या वर्षी मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले, तेव्हा ठाण्याचा किल्ला पोर्तुगीज अजून बांधतच होते. पुढे १७३९ मध्ये वसई पडली. अर्धवट बांधलेला किल्ला, खाडीकाठची वस्ती, चर्चे, तळी आणि सत्तांतराचा क्षण, असे सगळे एका चौकटीत मावते. किल्ल्याच्या जागी आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे आत मोजणी करता येणार नाही. ते खुशाल दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात टाका. पोर्तुगीज बांधकामाच्या पुराव्यासाठी वसईच्या आणि घोडबंदरच्या किल्ल्यांवर जा आणि दगडाचे थर, चुन्याची जाडी आणि कमानींची मापे तिथून घ्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे ठाणे जिल्ह्यावरचे खंड १८८२ चे आहेत. ते उशिराचे असले तरी तळी, बंदर आणि जुन्या वास्तू यांची जंत्री त्यांत मिळते.

पहिले काम म्हणून काय असू नये याची यादी करा. रेल्वे नको, कारण ती १८५३ ची आहे. कौपिनेश्वराचे आजचे देऊळ नको, कारण ते पेशवाईत १७६० च्या सुमारास उभे राहिले. मासुंदा तळ्याच्या काठी त्या जागी काय दाखवायचे, हा तुमचा अझुचीसारखा प्रश्न आहे. आणि सगळ्यांच्या हातून निसटणारी गोष्ट म्हणजे मंगलोरी कौले. ती किनाऱ्यावरच्या कारखान्यांत १८६० नंतर तयार होऊ लागली. १७३७ च्या घरांवर हाताने वळलेली नळीची कौले किंवा पेंढा हवा. याने छपराचे सगळे स्वरूपच बदलते: नळीची कौले एकावर एक पालथी-उताणी बसतात, त्यांची रेघ कधीच सरळ नसते, माकडे आणि वारा ती सरकवतात आणि पावसाआधी घर शाकारावे लागते. म्हणून छपराचा एकच तुकडा करून तो सगळीकडे डकवू नका. ताजे शाकारलेले, वर्षभर उन्हात राहिलेले आणि दुर्लक्षित, असे निदान तीन तरी करा.

ऋतू एकच घ्या, आणि तो पावसाळा घ्या. ओसरीला बांधलेले झाप, काळ्या दगडावरचे शेवाळ, तुडुंब तळी, चिखलात रुतलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या यांतून ठाणे जितके ओळखू येईल तितके कोणत्याही एका वास्तूने येणार नाही. प्रकाशासाठी एक मोठा दुवा तुमच्या हाती आहे. जॉन फ्रायर या इंग्रज प्रवाशाने १६७० च्या दशकात वसईतल्या श्रीमंतांच्या दुमजली घरांचे वर्णन करताना खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असल्याचे लिहिले आहे. घासून पातळ केलेला शिंपला प्रकाश आत घेतो पण पलीकडचे दिसू देत नाही, थेट त्या जपानी कागदी दारासारखा. ठाण्यातल्या एखाद्या पोर्तुगीज सरदाराच्या घरात अशी एक खिडकी बसवा, बाहेर ढगाळ उजेड ठेवा, आत एक दिवा लावा आणि नाओएच्या दाराजवळ जे शिकलात ते इथे लावून पाहा. वसईवरून ठाण्यासाठी केलेला तर्क म्हणून तिची नोंद दुसऱ्या प्रकारात करा.

ही नोंद प्रत्येक वस्तूची ठेवा. संगणकातल्या प्रारूपातच प्रत्येक भागाला तीनपैकी एक रंग द्या आणि तो थर हवा तेव्हा चालू-बंद करता येईल असे करा. शेजारी आधाराचा एक-दोन ओळींचा तपशील ठेवा. मी उमेदवारांचे काम पाहते तेव्हा देखणी चित्रे भरपूर येतात, पण ‘हे छप्पर असे का?’ या प्रश्नाला उत्तर देणारे काम क्वचित येते. संपूर्ण शहर करू नका. मासुंद्याच्या काठचा एक तुकडा, सहा-सात घरे, एक चर्च आणि खाडीकडे जाणारी वाट एवढे पुरे. आधी करड्या ठोकळ्यांत सगळे मांडून त्यातून चालून बघा, अंतरे पटली की मगच संचाचे भाग घडवायला घ्या.

लॅपटॉपचे म्हणाल तर ‘शॅडोज’साठी कंपनीने सांगितलेली किमान गरज १६ जीबी रॅम, ८ जीबीचे जीटीएक्स १०७० किंवा त्या तोडीचे ग्राफिक्स कार्ड, इंटेलचा आय ७-८७००के किंवा रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि एसएसडीवर ११५ जीबी मोकळी जागा अशी आहे, आणि तेवढ्यावर तो सर्वांत खालच्या दर्जावर सेकंदाला ३० चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो. प्रकाशाचा अभ्यास त्या दर्जावर होणार नाही, तो मैत्रिणीच्याच यंत्रावर करा. तुमच्या यंत्रावर याच मालिकेतल्या इजिप्त आणि ग्रीसच्या ‘डिस्कव्हरी टूर’ या शैक्षणिक आवृत्त्या घेऊन पाहा. त्यांत मारामारी नाही, त्या स्वतंत्रपणे विकत मिळतात, त्यांना इतके ताकदीचे कार्ड लागत नाही, आणि कोणती गोष्ट कोणत्या आधारावर घडवली हे बांधणाऱ्यांनी तिथे ठिकठिकाणी स्वतःच सांगितले आहे.